मिरचीला दिवस कोणता?

वृत्तपत्रांच्या ‘दिनविशेष’ या सदरात पूर्वी थोरांच्या जयंत्या, पुण्यतिथ्या आणि लढायांच्या तारखा असत. आता त्यांच्या शेजारी चहा, अंडे, नारळ, बटाटा आणि वडापावही येऊन बसले आहेत. भिवापूरसारख्या गावात, जिथे मिरची हे केवळ तोंडीलावणे नसून गावाची ओळख आहे, तिथे एक प्रश्न साहजिकच उद्भवतो. हे दिवस ठरवतो कोण, आणि मिरचीच्या वाट्याला त्यातला कोणता आला?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही, कारण ठरवणारे अनेक आहेत. आज खाद्यपदार्थांच्या दिवसांचे सर्वाधिक पीक अमेरिकेत दिसते. तेथील डोनट दिनाचा उगम मात्र गंभीर आहे. पहिल्या महायुद्धात आघाडीवरील सैनिकांना डोनट तळून देणाऱ्या स्वयंसेविकांच्या स्मरणार्थ साल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेने १९३८ साली शिकागो येथे तो सुरू केला. मंदीच्या त्या काळात गरजूंसाठी निधी उभारणे हाही हेतू होता. तो जूनच्या पहिल्या शुक्रवारी पाळला जातो. आइस्क्रीमचा दिवस तर थेट राष्ट्राध्यक्षांच्या सहीने आला. १९८४ च्या जुलैमध्ये रोनाल्ड रेगन यांनी उद्घोषणा काढून जुलै हा आइस्क्रीमचा महिना आणि १५ जुलैचा रविवार हा आइस्क्रीमचा दिवस ठरवला. त्यामागचा ठराव केंटकी या दुग्धव्यवसायाच्या राज्यातील सिनेटरने आणला होता, हे लक्षात घेतले म्हणजे आइस्क्रीमवरील या प्रेमाचे अर्थकारण उलगडते. अशा ठरावांची पुढे इतकी गर्दी झाली की १९९५ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाने नियम बदलून स्मृतिदिनांचे ठराव मांडण्यासच बंदी घातली. त्यानंतर हे काम प्रामुख्याने व्यापारी संघ, जाहिरातदार आणि हौशी दिनदर्शिकाकार यांच्याकडे गेले.

आपल्याकडेही चित्र फार निराळे नाही. २३ ऑगस्टचा ‘जागतिक वडापाव दिन’ कोणत्याही सरकारने जाहीर केलेला नाही. मुंबईत मालाड येथे २००१ साली सुरू झालेल्या जंबोकिंग या विक्रीसाखळीशी ही तारीख जोडली जाते. वडापावाचा जन्म मात्र त्याच्या किती तरी आधीचा. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या गाडीला दिवसाची गरज कधी पडली नव्हती.

काही दिवसांमागे अधिक भक्कम कारण आहे. डॉ. वर्गीस कुरियन यांचा २६ नोव्हेंबर हा जन्मदिन २०१४ पासून राष्ट्रीय दुग्ध दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा जागतिक दुग्ध दिन १ जूनचा, तो २००१ पासूनचा. चहाला तर दोन दिवस लाभले. चहा पिकवणाऱ्या देशांतील मजूर संघटना आणि छोटे उत्पादक २००५ पासून १५ डिसेंबरला तो पाळू लागले. मळेकामगारांची मजुरी आणि पडलेले भाव यांकडे लक्ष वेधणे हा त्यांचा हेतू होता. पुढे भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०१९ च्या डिसेंबरमध्ये २१ मे ही तारीख मान्य केली. कडधान्यांचा दिवस १० फेब्रुवारी, २०१९ पासून. बटाट्याचा ३० मे, २०२४ पासून.

या साऱ्या नव्या दिवसांकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनी आपले पंचांग एकदा उघडावे. आषाढ शुद्ध नवमीला आपण ‘कांदेनवमी’ म्हणतो. दोन दिवसांनी येणाऱ्या एकादशीपासून चातुर्मास लागणार, कांदा-लसूण वर्ज्य होणार, म्हणून त्यापूर्वी घरोघरी कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, झुणका असा बेत होतो. कांद्याचा यापेक्षा खेळकर दिवस कोणत्या व्यापारी संघाला सुचला असता? वांग्याचेही तसेच. चातुर्मासात ताटातून गेलेले वांगे अनेक घरांत मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्यात भरीत होऊन रोडग्यांसह परतते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हंगामातल्या भाज्यांची मिसळ, कोजागरीला आटीव दूध, नारळी पौर्णिमेला नारळ. वस्तूंचे दिवसही आहेतच. आषाढी अमावस्येला घरातले दिवे घासून-पुसून पाटावर मांडले जातात (याच दिवसाला दुसरे एक, फारसे सोवळे नसलेले नाव आहे, ते वाचक जाणतात). खंडेनवमीला हत्यारे-अवजारे पुजतात, आणि लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी हळदकुंकू लावून लक्ष्मीच्या जोडीला बसते. वर्षभर दाराआड उभी राहणारी केरसुणी त्या एका संध्याकाळी देवघरात येते. हे दिवस कोणी जाहीर केले नाहीत. त्यांची मुळे हंगामात, व्रतात आणि घरकामात आहेत. म्हणून त्यांना जाहिरात लागत नाही.

आता मिरचीकडे वळू. ती मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापारातून भारतात आली. तोवर आपले तिखट मिऱ्याचे होते, आणि मिरीवरूनच या नव्या पाहुणीला मराठीत नाव मिळाले. उशिरा आल्यामुळे असेल, पण पंचांगात तिला स्वतःची तिथी नाही. दृष्ट काढताना मात्र ती हवी, आणि दर शनिवारी दुकानाच्या व वाहनाच्या दर्शनी भागी लिंबासोबत सात हिरव्या मिरच्या टांगल्या जातात. म्हणजे वर्षातून एकदा नव्हे, आठवड्यातून एकदा तिचा वार येतो. पण तो खाण्यासाठी नव्हे.

अमेरिकी दिनदर्शिकांत १६ जानेवारी हा तिखट पदार्थांचा दिन म्हणून नोंदलेला आढळतो. फेब्रुवारीच्या चौथ्या गुरुवारी तेथे ‘चिली’चाही दिवस असतो, पण तो मिरचीचा नव्हे, मिरची घालून शिजवलेल्या मांसाच्या रश्शाचा. १६ जानेवारी ही तारीख मात्र विदर्भाला नकळत जुळून आली आहे. संक्रांतीच्या सुमारास इकडे लाल मिरचीची तोडणी आणि वाळवण चालू असते. भिवापूर आणि परिसरात मिरचीचे देठ खुडण्याच्या जागेला ‘सातरा’ म्हणतात. तिखटाच्या धसक्यात दिवसभर बसून शेकडो स्त्रिया तेथे हे काम करतात आणि मजुरी खुडलेल्या वजनावर ठरते. पुढे उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचे तिखट कांडून ठेवले जाते.

अडचण अशी, की सातऱ्यांवर येणारा सगळा माल भिवापुरी नसतो. गडद लाल रंग आणि जाड साल यांसाठी नावाजलेला हा स्थानिक वाण अधिक उतारा देणाऱ्या संकरित जातींपुढे मागे पडला. कापूस आणि सोयाबीननेही त्याची जमीन घेतली. परप्रांतातली मिरची येथे येते, खुडली जाते आणि पुढे जाते. २०१६-१७ मध्ये भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले. लासलगावचा कांदा, जळगावचे भरिताचे वांगे आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद यांनाही त्याच सुमारास ते लाभले. १९९९ च्या कायद्याने मिळणारे हे मानांकन नावाचे रक्षण करते, म्हणजे दुसऱ्या गावच्या मिरचीला हे नाव लावून विकता येत नाही. भाव देणे किंवा बियाणे टिकवणे हे त्याच्या कक्षेबाहेर आहे. शुद्ध बियाणे ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्या शेतकऱ्यांनी ते दरवर्षी पेरले, तरच नावामागे पीक उरते.

कांदा आणि वांगे यांना तिथीही आहे आणि मानांकनही. मिरचीला मानांकन मिळाले, तिथी मिळायची आहे. ती ठरवायचीच झाली, तर मुंबई-दिल्लीहून उद्घोषणेची वाट पाहण्याचे कारण नाही. तोडणी ऐन भरात असते तो पौष महिना पुरेसा आहे, आणि त्या दिवशी देठ खुडणाऱ्या हातांना किलोमागे दोन पैसे अधिक पडले, तर दिवसाचे नाव काय ठेवले याची चर्चा नंतरही करता येईल.