नवरा जेरुसलेमला निघाला तेव्हा

आज आपल्याला जरा लांब जायचंय, नऊशे वर्षांहून मागे, फ्रान्समध्ये. 27 नोव्हेंबर 1095 या दिवशी क्लेरमाँ गावी पोप अर्बन दुसरे यांनी लोकांना जेरुसलेम मुसलमानांच्या ताब्यातून सोडवायला चला, अशी हाक दिली. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने सेल्जुक तुर्कांविरुद्ध मदत मागितली होती, हे निमित्त. पण तीन हजार किलोमीटरवरच्या, कधी न पाहिलेल्या शहरासाठी माणसं घरदार सोडून निघाली, ती का?

आम्ही शाळेत याचं सोपं उत्तर पाठ केलं होतं: जमीन आणि लूट. धाकट्या मुलांना वाटणी मिळत नव्हती, म्हणून ती गेली. कागदपत्रं वाचली की हे उत्तर डळमळतं. घोडे, चिलखत, नोकर, वाटखर्च मिळून एका सरदाराला चार-पाच वर्षांचं उत्पन्न लागायचं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तो पैसा आणायचा कुठून? जमिनी मठांकडे गहाण पडल्या. नॉर्मंडीच्या रॉबर्टने तर अख्खी नॉर्मंडी दहा हजार मार्क चांदीला भावाकडे गहाण टाकली. आणि जगले-वाचले त्यातले बहुतेक परत घरीच आले. श्रीमंत व्हायचा हा फार महागडा रस्ता होता.

मग ओढ कशाची? पापाच्या भीतीची. लढणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना चर्च सांगत होतं की माणूस मारणं पाप आहे, प्रायश्चित्त घ्या. क्लेरमाँला ठरलं की मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे, केवळ भक्तीने जो जेरुसलेमला जाईल, त्याला तो प्रवासच सगळ्या प्रायश्चित्ताच्या ठिकाणी धरला जाईल. म्हणजे तलवार न टाकता पापातून सुटका! त्यात चुलते, मेहुणे, मालक निघालेले. मागे राहील त्याला लोक काय म्हणतील, हेही होतंच. गरिबांचं निराळं, त्याआधीची वर्षं दुष्काळाची आणि रोगराईची होती. बैलगाडीत पोरंबाळं घालून कुटुंबंच्या कुटुंबं निघाली. पीटर नावाच्या संन्याशामागे गेलेल्यांपैकी बहुतेक 1096 मध्येच आशिया मायनरमध्ये मारले गेले.

घरातल्या बाईला कुणी विचारलं का? विचारायचं होतं, निदान कागदावर. तरुण लग्न झालेल्या पुरुषांनी बायकोच्या संमतीशिवाय जाऊ नये, असं अर्बन यांनीच बोलोन्याच्या लोकांना लिहिलं होतं. 1201 मध्ये पोप इनोसंट तिसरे यांनी तीही अट काढून टाकली.

ब्लॉयचा सरदार स्टीफन याची बायको अडेला ही इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमची लेक. नवरा गेल्यावर कारभार तिनेच पाहिला. त्याची तिला आलेली दोन पत्रं आजही आहेत. 1097 मध्ये तो लिहितो, अँटिओकने अडवलं नाही तर पाच आठवड्यांत जेरुसलेम गाठू. लागली दोन वर्षं! दुसऱ्या पत्रात सांगतो की तू दिलंस त्याच्या दुप्पट सोनं-चांदी आता माझ्याकडे आहे. म्हणजे लोभ अगदीच नव्हता असं आम्ही म्हणणार नाही. भक्ती आणि लोभ एकाच थैलीत मावत होते. पुढे अँटिओक पडण्याच्या आदल्याच दिवसांत स्टीफन पळाला आणि घरी आला. ऑर्डेरिक या मठवासी इतिहासकाराच्या म्हणण्यानुसार अडेला त्याला रात्रंदिवस टोचत राहिली, परत जा आणि अब्रू सावर. तो गेला. 1102 मध्ये रामलाला मारला गेला. बाईच्या माथी हे मारणं त्या मठवाशाला सोपं गेलं असेल, ही आमची शंका.

ज्यांना कुणीच काही विचारलं नाही, त्यांचंही सांगायला हवं. 1096 च्या उन्हाळ्यात ऱ्हाइनकाठच्या वर्म्स आणि माइन्झमध्ये निघालेल्या जमावांनी ज्यू वस्त्या कापून काढल्या. जुलै 1099 मध्ये जेरुसलेम पडलं, तेव्हा आतल्या मुसलमान आणि ज्यू बायका-मुलांचीही कत्तल झाली. पापमुक्तीसाठी निघालेल्यांनीच ती केली आणि मग ते ख्रिस्ताच्या थडग्यापाशी प्रार्थनेला गेले.