हुक काढल्याने चाक वेगवान होत नाही

रोड सायकलच्या कार्बन चाकांबद्दल एक मत आता जवळपास सर्वमान्य झाले आहे. रिमच्या कडेला आत वळलेला आणि टायरची बीड, म्हणजे रिममध्ये बसणारी कड, धरून ठेवणारा हुक कालबाह्य झाला, असे ते मत. सरळ भिंतीची ‘हुकलेस’ डीप, म्हणजे जास्त उंचीची, रिम हलकी, मजबूत आणि वेगवान असते, आणि हवेची मर्यादा पाळली की सुरक्षितही असते, असे सांगतात. दाखले तयारच असतात. मोटारीच्या चाकाला कुठे हुक असतो? माउंटन बाइकवाले वर्षानुवर्षे हेच वापरतात. आणि 2024 ची टूर द फ्रान्स पोगाचारने एन्वीच्या हुकलेस चाकांवर जिंकली.

हा पूर्वपक्ष झाला, आणि तो निव्वळ जाहिरातबाजी नाही. पण रस्त्यावरच्या सायकलीपुरता तो मला साफ अमान्य आहे. यात वेगाचे श्रेय भलत्यालाच मिळते, आणि सुरक्षिततेची जी जबाबदारी पूर्वी रिम सांभाळायची ती स्वाराच्या माथी येते.

मोटारीचा दाखला आधी घेऊ. तिच्या रिमला हुक नसतो हे खरे. पण बीड जिथे बसते त्याच्या आतल्या अंगाला एक उंचवटा असतो आणि तो बीडला आत घसरू देत नाही. त्या बीडमध्ये पोलादी तारांचा जुडगा असतो, आणि हवा असते साधारण 32 पीएसआय. माउंटन बाइकला तर त्याहूनही कमी लागते. रोड सायकलच्या टायरमध्ये साठ-सत्तर पीएसआय असतात आणि टायरची घडी घालता यावी म्हणून बीड धाग्याची असते. एकाचा न्याय दुसऱ्याला कसा लावायचा?

थोडा हिशेब करू. हवा टायरला रिमपासून बाहेर ढकलते. हा जोर दोन बीडना मिळून पेलावा लागतो आणि तो दाब गुणिले रिमची आतली रुंदी इतका भरतो. आतली रुंदी 25 मिलिमीटर आणि हवा 5 बार, म्हणजे 72.5 पीएसआय, धरली तर एकेका बीडच्या दर मिलिमीटर लांबीला सव्वासहा न्यूटन येतात. बीडचा व्यास सुमारे 622 मिलिमीटर. म्हणजे तिच्या धाग्यावरचा ताण 1,900 न्यूटनच्या वर जातो, जवळपास दोनशे किलो वजनाइतका. जुन्या 19 मिलिमीटरच्या रिमवर तेवढ्याच हवेला हा ताण पाव हिश्शाने कमी असायचा. आता बीडचा घेर तीन मिलिमीटरने वाढला, म्हणजे एका टक्क्याच्या सहाव्या भागाएवढाच, तरी व्यास एक मिलिमीटरने सैल होतो. हुक असेल तर सैल झालेली बीड त्याच्याखाली अडकते. सरळ भिंतीपाशी तिला रोखायला घर्षण आणि तिची स्वतःची ताठरता, एवढेच उरते. त्यातून टायर एका कारखान्यातला, रिम दुसऱ्या कारखान्यातली. हुकलेससाठी 5 बारची कमाल मर्यादा घालावी लागली ती यामुळेच. 1975 साली मिशलिनचा एलाँ टायर आणि माविकची मॉड्यूल ई रिम आली, तेव्हा अरुंद टायरमध्ये जास्त हवा भरता यावी म्हणूनच हुक आला होता. त्याला काम होते.

फेब्रुवारी 2024 मध्ये यूएई टूरच्या पाचव्या टप्प्यात व्यावसायिक स्वार थॉमस डी गेंड्ट पडला आणि त्याचा टायर रिमवरून सुटला. रिमची आतली रुंदी 25 मिलिमीटर, टायर 28 चा. दगडावर आदळून रिम तुटली, असे कंपन्यांकडून सांगण्यात आले, आणि ते मी मान्य करतो. पण दगडावर आदळणे ही रस्त्यावरची रोजची गोष्ट आहे. शिवाय त्या रिमला 28 चा टायर आयएसओच्या मानकात बसत होता, तर टायर-रिमची मानके ठरवणाऱ्या ईटीआरटीओच्या ताज्या शिफारशीत किमान 29 हवा होता. जाणकारांच्या दोन संस्थांमध्ये एका मिलिमीटरवर एकमत नसेल तर घरी टायर चढवणाऱ्याने काय करायचे? स्वारांच्या संघटनेचे अध्यक्ष अ‍ॅडम हॅन्सन हुकलेसविरुद्ध उघड बोलले. सायकलिंगचा जागतिक महासंघ असलेल्या यूसीआयने विषय तातडीने तपासायला घेतला, पण बंदी काही आली नाही.

आता वेग. डीप रिम वेगवान असते ती तिच्या खोलीमुळे आणि आकारामुळे. टायरवरून आलेली हवा रिमला चिकटून वाहावी यासाठी रिमची बाहेरची रुंदी टायरच्या 105 टक्के तरी असावी, हा झिप या चाक-कंपनीत काम केलेल्या जॉश पोर्टनर यांचा नियम आजही वापरात आहे. त्यात हुकाचा उल्लेखही नाही. रुंद टायर, कमी हवा, खडबडीत रस्त्यावर कमी थरथर आणि म्हणून कमी ऊर्जाहानी, हे सगळे खरे. पण ते रुंदीचे देणे आहे. रुंद रिमला हुक देता येतो. डीटी स्विस, शिमानो, रोव्हल देतातच. बाकी खोलीला आडव्या वाऱ्याचे दुखणे असतेच आणि यूसीआयने 2026 पासून सामूहिक शर्यतींत रिमची उंची 65 मिलिमीटरवर रोखली आहे, पण हुक असो-नसो, त्या दुखण्यात फरक पडत नाही.

हुक काढल्याचा खरा फायदा कारखान्याला होतो. आत वळलेला ओठ साच्यातून सोडवणे किचकट असते; सरळ भिंत ताठ साच्यात घट्ट दाबली जाते, माल कमी फुकट जातो, कड जाड निघते. ती जाड कड आघात सोसते, एवढे श्रेय मी देतो. चाक स्वस्त झाले तर तेही चांगलेच. पण बचतीला ‘प्रगती’ म्हणून विकू नये.

प्रेशर पाळा म्हणजे झाले, हा शेवटचा मुद्दा. पोगाचारचे टायर मेकॅनिक चढवतो, प्रेशर तोच ठरवतो, मागे संघाची गाडी असते. आपल्याकडे पहाटे 25 अंशांना 5 बार भरून निघालेल्या सायकलच्या टायरमधली हवा उन्हात 50 अंशांवर गेली तर दाब साडेपाच बारवर जातो. घरच्या पंपाचा काटा थोडा चुकीचा असणे नेहमीचेच. वजनदार स्वार 28 च्या टायरवर असेल तर तो आधीच मर्यादेला टेकलेला असतो. हायवेवरचा पंक्चरवाला ट्रकच्या सवयीने कॉम्प्रेसर लावतो आणि टायर दगडासारखा टणक झाल्यावरच थांबतो. आणि पुणे-गोवा वाटेवर टायर चिरला, तालुक्याच्या दुकानात साधा ट्यूबवाला टायर मिळाला, तर हुक असलेल्या रिमवर तो चढवून घरी येता येते. हुकलेसवर असा टायर ट्यूब घालूनसुद्धा चढवायचा नसतो. दुकानदाराला हे बहुधा ठाऊक नसते.

ग्रॅव्हलसाठी 40 चा टायर आणि तीस-पस्तीस पीएसआय असतील तर हुकलेसला माझी हरकत नाही. तिथे दाबच इतका कमी असतो की वाद उरत नाही. रोडची हुकलेस चाके घेऊन झाली असतील तर फेकू नका. 25 च्या रिमवर 30 चा टायर घाला, तो चाक-कंपनीच्या यादीत आहे का बघा, पंपाशिवाय एक वेगळा डिजिटल गेज ठेवा आणि दुसऱ्याच्या हातात व्हॉल्व्ह देऊ नका. नवीन घेणार असाल तर थोडे ग्रॅम आणि थोडे पैसे जास्त मोजून हुक असलेलीच डीप रिम घ्या. तेवढ्याच खोलीच्या आणि तेवढ्याच रुंदीच्या हुकलेसपेक्षा ती हळू धावते असे मापून दाखवणारा मला अजून भेटायचा आहे.