कार्यप्रणाली, स्वस्त मोबाइलची

स्वस्त मोबाइलवर जिचे नाव छापलेले असते, ती कंपनी त्याची कार्यप्रणाली सहसा स्वतः लिहीत नाही. तैवानची मीडियाटेक चिपबरोबर तयार सॉफ्टवेअरही देई. शेन्झेनमधले रचनाकार त्यात मेनू, भाषा आणि बोधचिन्ह तेवढे बदलत. २०१७ च्या जिओफोनने (५१२ एमबी रॅम, १,५०० रुपये परतीची अनामत) कायओएस ही कार्यप्रणाली घेतली. तिचे मूळ मोझिलाने सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसमध्ये. टाकून दिलेली प्रणाली इतक्या हातांत पोहोचावी, हे नवलच. असे स्वस्त मोबाइल आपल्या नावाने विकणाऱ्या कंपन्यांत सेलकॉन हे हैदराबादचे नाव. त्याच शहराच्या कोठी भागातली गुजराती गल्ली इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी ओळखली जाते. अडकलेल्या फोनात प्रणाली पुन्हा भरण्याला अशा बाजारातल्या दुरुस्तीच्या टेबलावर ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणतात. कंपनीने अपडेट थांबवल्यावर ग्राहकाला तेवढाच आधार उरतो.