पात्रघडणीतील स्वातंत्र्य : भूमिकाखेळांच्या नियमग्रंथांचा एक इतिहास

मेजाभोवती बसून, फासे टाकून व तोंडी संवादातून अद्भुतकथा रचीत जाण्याचा भूमिकाखेळ हा प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्यातील आद्य मुद्रित खेळ १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून प्रसिद्ध झाला. तेव्हापासूनच्या पन्नास वर्षांत खेळाडूस आपले पात्र घडविण्यासाठी उपलब्ध असणारे पर्याय एकंदरीत वाढत गेले. पर्यायांची वाढ म्हणजेच स्वातंत्र्याची वाढ, असा समज खेळाडूंत सर्वत्र आढळतो. नियमग्रंथ कालक्रमाने तपासले असता मात्र हा समज अर्धाच खरा ठरतो.

१९७४ च्या तीन पुस्तिकांत पेशे तीनच होते : योद्धा, जादूगार व धर्मगुरू. बळ, बुद्धी, शहाणपण, प्रकृती, चापल्य व व्यक्तिप्रभाव या सहा गुणांचे माप तीन फाशांच्या बेरजेने ठरे, आणि ते फासे टाकण्याचे कामही नियमाने पंचाकडे होते. बुटक्यांच्या वंशातील पात्रास केवळ योद्धाच होता येई व तेही सहाव्या पायरीपर्यंतच. अशा रीतीने पात्र हे खेळाडूस जवळजवळ आयतेच मिळे. तथापि पात्राची कृती बरीच मोकळी होती. भिंत चढणे, सावलीत दडणे यांविषयी नियम अल्प असल्यामुळे खेळाडूने युक्ती सांगावी व पंचाने तिचा निवाडा करावा, अशी रीत होती.

पर्याय वाढविण्याचा पहिला मार्ग नव्या नावांची भर घालण्याचा होता. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने चोर व धर्मवीर हे पेशे आणले, त्याच वर्षीच्या ‘ब्लॅकमूर’ने भिक्षू व मारेकरी आणले, १९७६ मध्ये ‘एल्ड्रिच विझार्ड्री’ने ड्रुइड आणला. यांपैकी चोराचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. दडण्याचे व चढण्याचे कौशल्य शेकडेवारीच्या कोष्टकात मांडून एका पेशास बहाल केल्याबरोबर, जे आजवर कोणीही करून पाहत असे ते इतरांस वर्ज्य आहे, असे अनेक खेळाडू मानू लागले. नियमाने तसे स्पष्ट बजावले नव्हते. परंतु एखाद्या क्षमतेस नाव व धनी मिळाला की उरलेले आपोआप तिच्या बाहेर राहतात. एका पात्राचा वाढलेला पर्याय हा दुसऱ्याचा संकोच ठरू शकतो, हे येथे प्रथम दिसून आले.

दुसरा मार्ग घटकांच्या जुळणीचा होय. नवा पेशा ही कोशात पडलेली एका शब्दाची भर होती. या मार्गाने खेळाडूच्या हाती वाक्य रचण्याचे व्याकरणच दिले. स्टीव्ह जॅक्सन यांच्या १९७७ च्या ‘मेली’ या खेळात बळ व चापल्य यांचा आरंभ प्रत्येकी ८ पासून होई व उरलेले ८ गुण खेळाडूने स्वेच्छेने वाटावयाचे असत. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ने पेशांचे कुंपणच काढून टाकले व कौशल्याची वाढ त्याच्या वापराशी जोडली. १९८१ च्या ‘चॅम्पियन्स’मध्ये व १९८६ च्या ‘गर्प्स’मध्ये पात्राने एखादे वैगुण्य पत्करल्यास त्याच्या मोबदल्यात अधिक गुण मिळत.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने हा मार्ग सावकाश स्वीकारला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत चोराची कौशल्ये गुणांनी वाटता येऊ लागली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत निवडक करामती व पेशांचे मुक्त मिश्रण आले. पण व्याकरण आले की वैयाकरणाचा वरचष्मा आलाच. काही विशेष पेशांच्या पूर्वअटी इतक्या होत्या की त्या गाठण्यासाठी पात्राचे भवितव्य पहिल्या पायरीवरच आखावे लागे. नियमांवरील प्रभुत्वास फळ मिळावे असा हेतू रचनेतच होता, हे या आवृत्तीचे एक रचनाकार माँटी कुक यांनी पुढे लिहूनही ठेवले. ग्रंथ कसून वाचणारा व कथेसाठी आलेला, असे दोन खेळाडू एकाच मेजावर विषम बळाने बसू लागले.

तिसरी वाट जन्मजात बंधने सोडविण्याची असून तीच सर्वांत मंदगतीने चालली. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये स्त्री-पात्रांच्या बळास पुरुषांहून कमी मर्यादा होती, ती १९८९ मध्ये गेली. मानवेतर वंशांवरील पायऱ्यांची मर्यादा २००० पर्यंत टिकली. त्या वर्षीही अर्ध-ऑर्क पात्रास बळ अधिक, परंतु बुद्धी व व्यक्तिप्रभाव उणे, असेच जन्मतः मिळे. २०२० च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ने ही गुणवाढ हवी तेथे योजण्याची मुभा पर्यायी नियम म्हणून दिली. २०२४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ने ‘रेस’ हा शब्दच टाकून ‘स्पीशीज’ हा स्वीकारला व गुणवाढ वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याकडे सोपविली. जन्माने कर्तृत्व ठरावे काय, हा प्रश्न मराठी वाचकास परका नाही. खेळाच्या नियमांतही तो इतका चिवट ठरावा, हे लक्षणीय आहे. शिवाय या बदलानेही बंधन सर्वस्वी संपले नाही. प्रत्येक पूर्वायुष्यास तीन ठराविक गुण नेमून दिलेले असल्यामुळे जन्माची जागा संगोपनाने घेतली, एवढेच.

या तिन्ही मार्गांचे फळ एकाच मापाने मोजता येत नाही. नव्या नावांनी वैविध्य आले, पण काही मोकळ्या कृती कुंपणात गेल्या. जुळणीने रचनेचे सामर्थ्य दिले, पण ते नियमज्ञांस अधिक लाभले. जन्मबंधने सैल झाल्याने पर्यायांच्या यादीत फारशी भर पडली नाही; तथापि अर्ध-ऑर्क पात्रास विद्वान जादूगार होण्यासाठी आता आपल्या जन्माची भरपाई करावी लागत नाही. म्हणून एखाद्या नियमग्रंथाने किती पर्याय दिले एवढेच न पाहता, त्याने कोणती सक्ती दूर केली व तिच्या जागी कोणती आणली, हेही इतिहासकाराने तपासणे अगत्याचे आहे.