विलायतेची पत्रे आणि त्यांची दारे

१९०७ साली भारतमंत्री जॉन मोर्ले यांनी इंग्लंडातील हिंदी विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. सर विल्यम ली-वॉर्नर हे तिचे अध्यक्ष. थिओडोर मॉरिसन आणि सर कर्झन वायली हे तिचे सभासद. हे विद्यार्थी राहतात कोठे, भेटतात कोणाला, वाचतात काय आणि रविवारी कोणाच्या सभेला जाऊन बसतात, याविषयी सरकारला वाटू लागलेल्या काळजीतून ही समिती जन्मास आली. तिने अहवाल दिला. पण तो छापून लोकांपुढे आला तो मात्र १९२२ साली, लिटन समितीच्या अहवालाचे एक परिशिष्ट म्हणून. ज्या विद्यार्थ्यांविषयी तो लिहिला गेला त्यांच्यापैकी काही तोवर वकील झाले होते, काही प्राध्यापक, आणि एक जण अंदमानची शिक्षा भोगून रत्नागिरीच्या तुरुंगात होता.

सरकार विद्यार्थ्यांना पाहत होते त्याच काळात हे विद्यार्थीही इंग्रज समाजाला पाहत होते, आणि पाहिलेले लिहून मायदेशी धाडीत होते. फरक एवढाच, की सरकारचा अहवाल पंधरा वर्षे कुलपात पडून राहिला आणि विद्यार्थ्यांची पत्रे विलायती डाक पोहोचताच मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांत छापून निघाली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी या पत्रांची दखल घेतली नाही असे नव्हे. परंतु ती घेताना त्यांनी पत्रांची अशी काही वाटणी करून टाकली, की ती एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याची सोयच उरली नाही. पंडिता रमाबाईंचे पत्र धर्मांतराच्या वादात गेले. विठ्ठल रामजी शिंदे यांची पत्रे प्रार्थनासमाजाच्या इतिहासात गेली. विनायक दामोदर सावरकरांची बातमीपत्रे क्रांतिकार्याच्या साधनांत जमा झाली. ही तिन्ही लेखने म्हणजे मराठी गद्याने राज्यकर्त्यांचा समाज त्यांच्याच घरात जाऊन पाहण्याचे प्रयत्न होत, ही गोष्ट या वाटणीत हरवली. ती पुन्हा हाती यावी म्हणून हा लेख.

परमुलखातून बातमी लिहून पाठविणे हा प्रकार मराठीला नवा नाही. दिल्लीच्या दरबारी हिंगणे, हैदराबादेस गोविंदराव काळे, असे पेशव्यांचे वकील जे लिहीत असत त्यात दरबाराच्या हालचालींबरोबर माणसांचे स्वभाव, अफवा, बाजारभाव, सारेच येई. या परंपरेतला शेवटचा मोठा वकील तर प्रत्यक्ष लंडनातच जाऊन बसला. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली पदच्युत केल्यावर त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते इंग्लंडास गेले आणि १८५३ पर्यंत तेथे कंपनीच्या संचालकांशी झगडत राहिले. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९४८ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. तो वाचताना मनात येते, की एवढी वर्षे लंडनात काढलेल्या मराठी माणसाने ते शहर किती जवळून पाहिले असेल! पण वकिलाचे पत्र एका धन्यासाठी असते. जे धन्याच्या कामाचे नाही ते तो लिहीत नाही, आणि जे कामाचे आहे ते चारचौघांत वाचले जाऊ नये अशीच त्याची इच्छा असते.

विद्यार्थ्याच्या पत्राचे तसे नाही. त्याचा वाचक अनोळखी असतो आणि पैसे भरून वृत्तपत्र घेतो. वकिली पत्र आणि वृत्तपत्री पत्र यांतला हा फरक मला निर्णायक वाटतो, कारण वाचक बदलला की लिहिणाऱ्याची नजरही बदलते. जो वाचक आपल्याला कधी भेटणार नाही त्याच्यासाठी घर, रस्ता, जेवणाचे टेबल, सभागृह, सारेच सांगावे लागते.

यांत पहिला मान रमाबाईंचा. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाचा भार उचलून, दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या १८८३ च्या एप्रिलमध्ये मुंबईहून निघाल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात उतरल्या. सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेले त्यांचे पत्र त्याच वर्षी ‘इंग्लंडचा प्रवास’ या नावाने पुस्तकरूपाने निघाले. नावातच त्याची मर्यादा सांगितलेली आहे. ते मुख्यत्वे प्रवासाचे पत्र आहे, इंग्लंडच्या समाजाचे नव्हे. त्या सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मायदेशातील वाचकांचा सूरच पालटला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या हाताखाली त्या शिकल्या आणि शिकवू लागल्या. एका स्त्रीने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, यावरून बिशपांनी हरकती घेतल्या. शाकाहारासारख्या गोष्टीवरूनही त्यांना आपले म्हणणे पुन्हा पुन्हा मांडावे लागले. इंग्रज समाजाचे इतके अंतरंग दर्शन त्या काळी दुसऱ्या कोणा मराठी विद्यार्थ्याला घडले असेल असे मला वाटत नाही. परंतु तो सारा झगडा इंग्रजी पत्रव्यवहारात झाला, आणि ती पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने काढली ती १९७७ साली. मराठीत लोकस्थितीचे सविस्तर पुस्तक त्यांनी लिहिले खरे, पण ते १८८९ साली, आणि अमेरिकेवर! राज्यव्यवस्था, घर, शिक्षण, स्त्रियांची स्थिती अशी प्रकरणे पाडून लिहिलेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हाती घेतले, की इंग्लंडवर असेच पुस्तक का झाले नाही, हा प्रश्न वाचकाला पडल्यावाचून राहत नाही. माझे उत्तर असे: ज्या घराने आपल्याला आसरा दिला आणि आपल्यावर हक्कही सांगितला, त्या घराचे वर्णन चारचौघांपुढे मांडणे कठीण असते. अमेरिकेत त्या पाहुण्या आणि वक्त्या होत्या, इंग्लंडात आश्रित.

येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. विलायतेत शिकणारा विद्यार्थी तेथे कोणाच्या तरी पैशाने जातो, आणि पैसा ज्या दाराने येतो त्याच दाराने त्याला तो समाज दिसतो. परांजपे हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. त्यांच्या बाबतीत तर विद्यार्थीच बातमीचा विषय झाला. (परीक्षेतील गुणानुक्रम जाहीर करण्याची ती पद्धत केंब्रिजने १९०९ नंतर मोडून टाकली, पुण्यात मात्र ‘रँग्लर’ ही पदवी नावाआधी लावण्याची रीत टिकून राहिली. शब्द मूळ घरी निरर्थक व्हावा आणि परघरी आदरार्थी व्हावा, हे भाषांतरकाराला नेहमीच दिसणारे नवल.) पारनेरचे पांडुरंग महादेव बापट मुंबईच्या मंगलदास नथुभाई शिष्यवृत्तीवर एडिंबरोस गेले, आणि तेथे ब्रिटिश राज्यावर जे व्याख्यान दिले त्यापायी ती शिष्यवृत्ती गमावून बसले. उलट श्यामजी कृष्णवर्मा यांच्या शिष्यवृत्तीची अट अशी, की घेणाऱ्याने पुढे इंग्रज सरकारची नोकरी करता कामा नये. दोऱ्या दोन्हीकडे होत्या. ओढ मात्र विरुद्ध दिशांना.

शिंदे यांचे दार युनिटेरियन पंथाचे. जमखंडीत, म्हणजे आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात असलेल्या गावी, १८७३ साली जन्मलेला आणि कानडी मुलखात वाढलेला हा तरुण फर्ग्युसनमधून पदवी घेऊन १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दाखल झाला. ते महाविद्यालय ऑक्सफर्डात, पण विद्यापीठाच्या प्रस्थापित चर्चबाहेरचे. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारख्या गुरूंकडे तौलनिक धर्माभ्यास चालू असतानाच शिंदे यांनी शहरांतील दरिद्री वस्त्यांत चालणारे सेवाकार्य पाहिले. बोअर युद्ध संपले, सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक १९०२ च्या ऑगस्टात झाला, हे सारे त्यांच्या मुक्कामातच घडले. त्यांची पत्रे प्रार्थनासमाजाच्या ‘सुबोध पत्रिके’त येत. मला ही पत्रे तिघांच्या लेखनात गद्य म्हणून सर्वांत मोकळी वाटतात. याचे कारण प्रतिभेपेक्षाही परिस्थितीत आहे. त्यांचे यजमान स्वतःच आपल्या समाजात अल्पसंख्य, थोडे बाजूला सारलेले. त्यामुळे त्यांच्याबरोबर उभे राहून इंग्रज समाजाकडे जरा तिरक्या कोनातून पाहता येत होते. राज्यकर्त्यांच्या देशात उपाशी माणसे असतात आणि त्यांच्यासाठी काम करणारी माणसेही असतात, या दोन्ही गोष्टी ते एकाच दमात सांगू शकतात. १९०३ च्या सप्टेंबरात आम्स्टरडॅमच्या उदार धर्मपरिषदेत भाग घेऊन ते परतले. १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन निघाले. संस्थेच्या नावातच ती पाहणी उतरलेली आहे.

त्याच १९०६ साली सावरकर लंडनला पोहोचले. त्यांचे दार हायगेटमधील क्रॉमवेल अव्हेन्यूवरच्या इंडिया हाऊसचे. श्यामजींनी घेतलेल्या त्या वास्तूचे उद्घाटन १ जुलै १९०५ रोजी इंग्रज समाजवादी हिंडमन यांच्या हस्ते झाले होते. ग्रेज इनमध्ये कायद्याचा अभ्यास चालू होता, आणि ‘विहारी’ व ‘काळ’ या पत्रांसाठी बातमीपत्रे जात होती. ती पुढे ‘लंडनची बातमीपत्रे’ या नावाने पुस्तकात आली. येथे वकिलाची परंपरा पुन्हा डोके वर काढते. पार्लमेंटात हिंदुस्थानविषयी कोण काय बोलला, कोणते वृत्तपत्र कोणाच्या बाजूचे, हिंदी विद्यार्थ्यांत कोणते वारे वाहत आहे, यांवर त्यांची दृष्टी खिळलेली. धनी मात्र बदलला: पूर्वी तो पुण्याचा दरबार होता, आता वर्गणीदार होते. शिंदे यांच्या पत्रांत दिसणारा रिकामा क्षण, उगाच थांबून पाहणे, येथे कमी आढळते. ही त्रुटी म्हणावी तर म्हणावी. पण वृत्तपत्राची सत्ता इंग्लंडात कशी चालते याचे भान या लेखनाइतके त्या काळच्या मराठीत मला दुसरीकडे आढळलेले नाही.

आणि त्या सत्तेच्या सीमाही त्याच वर्षांत उघड झाल्या. १९०८ साली पुण्याच्या ‘काळ’चे शिवराम महादेव परांजपे आणि ‘केसरी’चे टिळक दोघेही राजद्रोहाखाली तुरुंगात गेले. लंडनात लिहावे आणि मायदेशी शिक्षा व्हावी असा हा विषम व्यवहार, असे वाटू लागते. पण ते संपूर्ण खरे नव्हे. १ जुलै १९०९ रोजी, इंडिया हाऊसच्या उद्घाटनाला बरोबर चार वर्षे होत असताना, मदनलाल धिंग्रा यांनी इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये कर्झन वायली यांना गोळ्या घातल्या. विद्यार्थ्यांची चौकशी करणाऱ्या तिघांपैकीच हे एक. त्याच महिन्यात श्यामजींच्या ‘इंडियन सोशियॉलॉजिस्ट’चा इंग्रज मुद्रक आर्थर हॉर्सली याला शिक्षा झाली, आणि मुद्रणस्वातंत्र्यासाठी पुढे सरसावून ते पत्र छापणारा गाय आल्ड्रेड हाही तुरुंगात गेला. कॅक्स्टन हॉलमधील निषेधसभेत एकमताचा ठराव झाला असे जाहीर होताच सावरकरांनी विरोध केला, आणि आपली बाजू मांडली ती ‘टाइम्स’ला पत्र लिहून! त्या ऑक्टोबरात लंडनमधील दसऱ्याच्या समारंभाचे अध्यक्ष होते गांधी. परतीच्या बोटीवर त्यांनी गुजरातीत ‘हिंद स्वराज’ लिहिले, आणि त्यात इंग्रजांची पार्लमेंट व वृत्तपत्रे यांवर जे कोरडे ओढले त्यामागे त्या लंडनमधली चर्चा आहेच.

सावरकरांनी लंडनात मराठीतच लिहिलेल्या १८५७ वरील ग्रंथाची कथा तर भाषांतरकाराने विसरू नये अशी आहे. इंग्लंडातील हिंदी विद्यार्थ्यांनीच त्याचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९०९ साली हॉलंडात छापले गेले, आणि मूळ मराठी संहिता मराठी वाचकाला स्वातंत्र्यानंतर मिळाली. दरम्यानची चाळीस वर्षे भाषांतर हेच मूळ होते.

आंबेडकरांचे दार ग्रंथालयाचे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू करून त्याच वर्षी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यास गेले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून त्यांनी जे लिहिले ते इंग्रजीत, रुपयाच्या प्रश्नावर, आणि १९२३ मध्ये लंडनच्याच प्रकाशकाकडून. इंग्रज समाजाचे वर्णन करण्यापेक्षा त्याच्या अर्थकारणाचा हिशोब तपासणे त्यांना अगत्याचे वाटले. पत्रकार विलायतेत गेला आणि मागे त्याचे पत्र बंद पडले, याची हळहळ मात्र वाटते.

पुढे १९५८ साली पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीचे शिक्षण घ्यावयास बी.बी.सी.त गेले आणि ‘अपूर्वाई’ जन्मली. तीही एका अर्थी विद्यार्थ्याचीच पत्रे. परंतु त्या वाचकाला आता इंग्रजांचे भय उरले नव्हते, म्हणून हसता येत होते.

कानडीत या प्रकारचे स्मरणीय पुस्तक म्हणजे वि. कृ. गोकाक यांचे ‘समुद्रदाचेयिंद’. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकवणारे गोकाक १९३६ ते १९३८ या काळात ऑक्सफर्डास होते. पुस्तक १९४० चे. ते केवळ साहित्य म्हणून वाचले जाते, आणि त्यामुळे त्याला एकच फळी पुरते. काही वर्षांपूर्वी शिंदे, सावरकर आणि रमाबाई यांच्या निवडक उताऱ्यांचा एकत्र कानडी अनुवाद करावा असे माझ्या मनात आले. बेंगळुरातील एका प्रकाशकाला मी तो बेत सांगितला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, की हे पुस्तक कोणत्या पक्षाचे. तिन्ही नावे एका मुखपृष्ठावर आल्यास ते कोणीच विकत घेणार नाही, असे त्यांचे स्वच्छ मत होते. ते चुकीचे आहे असे मी छातीठोकपणे म्हणू शकलो नाही.

या शहराचा त्या चौकशीशी एक दूरचा संबंध आहे. ली-वॉर्नर १८९५ मध्ये म्हैसूरचे रेसिडेंट होते. त्या रेसिडेन्सीला आज राजभवन म्हणतात, आणि माझ्या रोजच्या बसचा रस्ता त्याच्या कुंपणाजवळून जातो. १८९७ साली त्यांनीच हिंदी शाळकरी मुलांसाठी नागरिकत्वावर क्रमिक पुस्तक लिहिले होते. त्या मुलांतलीच काही दहा वर्षांनी लंडनात त्यांच्यापुढे चौकशीचा विषय म्हणून आली असतील.

अनुवादाची वही अजून माझ्याजवळ आहे. तिच्यात एकच शब्द आपण होऊन आला. लंडनात विद्यार्थी भाड्याच्या ज्या खोलीत राही तिला मराठीत ‘बिऱ्हाड’ म्हणावयाचे, आणि कानडीत ‘बिडार’. दोन्ही एकाच कुळीतले, आणि दोहोंत आज ना उद्या मुक्काम हलवावयाचा आहे ही जाणीव आहे. ‘लॉजिंग’ला शोधावा लागला नाही असा तेवढाच प्रतिशब्द. बाकी पानांवर समासात प्रश्नचिन्हे आहेत.