सीडी रायटर आणि लिनक्सचे ड्रायव्हर : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासाची मांडणी बहुधा परवान्यांच्या अंगाने केली जाते. १९८९ च्या जीएनयू सार्वजनिक परवान्याने प्रत काढण्याचा हक्क प्रत्येकास दिला, हे खरेच. परंतु ती प्रत प्रत्यक्षात काढावयाची कशी, हा प्रश्न महानगरांबाहेर अधिक बिकट होता. बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. शेगाव येथे १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय असले, तरी दूरध्वनी वाहिनीवरील ५६ केबीपीएसचा मोडेम पूर्ण क्षमतेने चालला असता ६५० एमबीची एक सीडी उतरवून घेण्यास २५ तासांहून अधिक काळ लागे. आणि तो पूर्ण क्षमतेने क्वचितच चाले. अशा भागात लिनक्स पोहोचण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे टपालाने वा हस्ते-परहस्ते येणारी सीडी. 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत मिळणारे, रेड हॅट व पुढे फेडोरावर आधारलेले पीसीक्यूलिनक्स हे त्याचे ठळक उदाहरण होय. एका सीडीच्या दहा सीडी करणारे यंत्र म्हणजे सीडी रायटर, आणि नेमके तेच लिनक्सवर सहजासहजी चालत नसे.

यामागील कारण तांत्रिक होते. स्वस्त रायटर आयडीई केबलवर जोडले जात; मात्र त्यांना दिल्या जाणाऱ्या आज्ञा महागड्या स्कझी उपकरणांच्या धाटणीच्या असत. यॉर्ग शिलिंग यांचा 'सीडीरेकॉर्ड' हा प्रोग्राम स्कझीच्याच मार्गाने बोले. म्हणून २.४ पर्यंतच्या कर्नेलमध्ये 'आयडीई-स्कझी' नावाचा दुभाषा ड्रायव्हर बसवावा लागे. दुसऱ्या केबलवरील मुख्य उपकरणाचे नाव एचडीसी; तेव्हा 'लिलो'च्या फाइलमध्ये 'एचडीसी=आयडीई-स्कझी' ही सूचना लिहावयाची, 'लिलो' आज्ञा पुन्हा चालवावयाची आणि संगणक नव्याने सुरू करावयाचा. आज्ञा चालवण्याचे राहून गेले, तर फाइल अचूक असूनही बदल लागू होत नसे. नेहमीच्या वाचन-ड्रायव्हरने यंत्र आधीच ताब्यात घेतले, तरीही रायटर सापडत नसे. सर्व जुळल्यावर 'सीडीरेकॉर्ड' त्या यंत्रास '०,०,०' असा तीन आकड्यांचा पत्ता देई. हे ज्ञान एखाद्यास हाताखाली शिकूनच येई. पाठ्यपुस्तकात ते शोधणे व्यर्थ होते.

डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नेलने आयडीई यंत्राशी थेट बोलण्याची सोय केली व दुभाष्याची गरज संपवली. वाद मात्र पेटला. उपकरण त्याच्या नावानेच ओळखावे, असे लिनस टोरवाल्डस यांचे मत. तर अनेक युनिक्स प्रणालींवर एकच पद्धत चालावी म्हणून शिलिंग तीन आकड्यांच्या पत्त्यावर ठाम. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, पण झळ पोहोचली ती वापरकर्त्यास. ऑगस्ट २००४ च्या २.६.८ आवृत्तीत सुरक्षेसाठी आज्ञांवर निर्बंध आले आणि सामान्य वापरकर्त्याचे सीडी लेखन अडले. पुढील आवृत्त्यांत ते सावरले गेले. परवान्याच्या मतभेदातून २००६ मध्ये डेबियनने 'सीडीआरकिट' ही स्वतंत्र शाखा काढली. ज्या गावी नवी आवृत्ती स्वतः सीडीवरूनच यावयाची, तेथे अशा दुरुस्त्या उशिरा पोहोचणे अपरिहार्य होते. सीडी लिहिण्यातील दोष दूर करणारी दुरुस्ती सीडीवर लिहूनच पाठवावी लागे, ही विसंगती लक्षणीय आहे.

'आयडीई-स्कझी' ड्रायव्हर २००९ मध्ये कर्नेलमधून वगळण्यात आला, तर जुनी आयडीई व्यवस्था २०२१ मध्ये ५.१४ आवृत्तीत निघाली. शिलिंग यांचे निधनही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाले. त्या व्यवस्थेची जागा घेणारी 'लिबएटीए' ही प्रणाली कर्नेलच्या स्कझी स्तरावरच उभी आहे. त्यामुळे आयडीई केबलवरील जुना रायटरदेखील आज 'एसआर०' या स्कझी नावानेच दिसतो, आणि त्यासाठी कोणत्याही फाइलमध्ये एक अक्षरही लिहावे लागत नाही.