धोकटीपासून दुकानापर्यंत

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात वाक्प्रचार शिकविण्याचा प्रसंग आम्हांवर आला. 'बिनपाण्याने हजामत करणे' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून आम्ही एक खुसखुशीत वाक्य रचले आणि वर्ग हसला. एक विद्यार्थी मात्र हसला नाही. त्याच्या वडिलांचे बेळगावातच केस कापण्याचे दुकान आहे, हे आम्हांस ठाऊक होते. वाक्य रचताना त्याचे स्मरण राहिले नाही. तो मान खाली घालून वहीत काही लिहीत राहिला. तास संपला, पण ती खाली गेलेली मान आमच्या मनातून गेली नाही. भाषा शिकविणाऱ्याने शब्दाचा अर्थ सांगावा, एवढ्याने त्याचे काम संपत नाही. तो शब्द कोणाच्या श्रमांतून आला आणि कोणास बोचतो, हेही त्याने जाणले पाहिजे. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या तासात आहे.

जुन्या न्हाव्याविषयी आमच्या पिढीतील माणसे बोलू लागली की त्यांच्या बोलण्यास सहजच एक हळवा सूर लागतो. आमचे बालपण बेळगाव जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. रविवारी सकाळी काखेत धोकटी मारून न्हावी येई. अंगणाच्या कडेला गोणपाट अंथरले जाई. धोकटीतून वस्तरा, कात्री, चिमटा, नखे काढण्याची नराणी, पितळेची वाटी आणि काठ झिजलेला आरसा, ही हत्यारे ठरलेल्या क्रमाने बाहेर येत. तळहातावर घासून वस्तऱ्याची धार पाहण्याची त्याची रीत आम्ही श्वास रोखून पाहत असू. प्रथम आजोबा, मग वडील आणि शेवटी आम्ही मुले, असा क्रम असे. हात चालत असताना गावची सारी वार्ता त्याच्या तोंडून कळे : कोणाची सोयरीक जुळली, कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या वाटण्या झाल्या. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी मिळणाऱ्या गावात त्याचे हे महत्त्व लहान नव्हते.

हा माणूस कोणत्या नात्याने आमच्या अंगणात येत होता, हा प्रश्न मात्र त्या वयात आम्हांस पडला नाही. बारा बलुतेदारांत न्हाव्याचे स्थान बहुतेक ठिकाणी मधल्या ओळीत धरलेले आढळते. वर्षभर त्याने शेतकऱ्याच्या घरची श्मश्रू करावी आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन धान्याच्या रूपाने आपले बलुते घ्यावे, अशी ही व्यवस्था होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गांव-गाडा' या ग्रंथात तिचे बारकाईने केलेले वर्णन आहे. न्हाव्याचे काम केस कापण्यापुरते नव्हते. बाळाचे जावळ, मुंजीतील क्षौर आणि मर्तिकानंतरचे वपन त्याच्यावाचून होत नसे. गावी आलेल्या अंमलदाराचे पाय चेपावे, वरातीत दिवटी धरावी, गळू फोडावे, तुंबडी लावून रक्त काढावे, हीही त्याचीच कामे. युरोपातही न्हावी आणि शस्त्रवैद्य हे धंदे दीर्घकाळ जोडलेले होते. लंडनमध्ये १५४० साली एकत्र आलेल्या त्यांच्या संघाचे १७४५ साली दोन भाग झाले. शस्त्रवैद्य तेथे पुढे प्रतिष्ठेस चढला. आमच्याकडे इस्पितळे आली तेव्हा तुंबडीचे काम न्हाव्याच्या हातून गेले, पण ती प्रतिष्ठा काही त्याच्या वाट्यास आली नाही.

या समाजाने इतिहासास दिलेली माणसे थोडी नाहीत. वारकरी परंपरेने संत म्हणून वंदिलेला सेना न्हावी याच व्यवसायातील. परंपरा त्यास बांधवगडच्या राजाचा सेवक मानते. त्याचे अभंग मराठीत आहेत, आणि त्याच्या नावाचे एक पद शिखांच्या ग्रंथसाहिबातही आहे. आपल्या धोकटीतील आरसा-चिमट्यांनाच त्याने परमार्थाची रूपके केले. आमच्या सीमाभागात कन्नड भाषक हडपद समाज बाराव्या शतकातील शरण हडपद अप्पण्णांस आपले आद्य पुरुष मानतो. अप्पण्णा बसवेश्वरांचे निकटचे सहकारी आणि वचनकार होते. एकाच गल्लीत एका दुकानात सेना महाराजांची तसबीर आणि दुसऱ्यात अप्पण्णांची, हे दृश्य आमच्या भागात नवलाचे नाही. प्रतापगडावर १६५९ साली सय्यद बंडाचा वार अडविणारा जिवा महाला आणि १६६० साली पन्हाळगडच्या वेढ्यात शिवाजी महाराजांचे रूप घेऊन मृत्यूस सामोरा गेलेला शिवा काशीद, हे दोघेही याच समाजातले, असे परंपरा सांगते. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आम्ही अभिमानाने शिकवितो. आणि त्याच मुखाने 'हजाम' हा शब्द शिवीसारखा वापरतो.

या विसंगतीचे मूळ बलुत्यातच आहे. बलुतेदारास पोटाची हमी होती, पण आपल्या श्रमाचा भाव ठरविण्याचा अधिकार त्यास नव्हता. बोलावणे आले की त्याने जावे; नको म्हणण्याची सोय नव्हती. दुसऱ्या बाजूस ज्यांना गाव अस्पृश्य मानी, त्यांच्या केसांस त्याने हात लावू नये, हेही गावानेच ठरविले होते आणि त्याने ते निमूटपणे पाळले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणी साताऱ्यात त्यांचे केस त्यांची बहीण कापीत असे. कारण न्हावी मिळत नव्हता. जुन्या धंद्याची गोडी आठवताना हा वस्तरा सर्वांसाठी उघडत नव्हता, ही गोष्ट दृष्टीआड करता येणार नाही.

आणि जेथे तो उघडू नये तेथे तो उघडावा लागत होता. उच्चवर्णीय विधवेचे केशवपन हे त्याच्या नेमातील काम होते. या रूढीविरुद्ध आगरकरांसारख्या सुधारकांनी लेखणी झिजविली, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत असते. परंतु १८९० साली मुंबईत शेकडो न्हाव्यांनी एकत्र जमून विधवांचे केशवपन आपण करणार नाही असा निश्चय केला, ही गोष्ट किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा या निश्चयामागे होती. त्याचे मोल पैशातही मोजावे लागणार होते, कारण वपन हे वारंवार करावे लागणारे, म्हणजे बांधील उत्पन्नाचे काम. ते सोडण्यास तयार झालेली माणसे श्रीमंत नव्हती. रूढी त्या निश्चयाने एकाएकी बंद पडली नाही. तथापि 'नको' म्हणण्याचा जो अधिकार बलुत्याने दिला नव्हता, तो या माणसांनी स्वतः घेतला. आमच्या मते या धंद्याच्या इतिहासातील सर्वांत थोर घटना हीच होय.

या घटनेकडे पाहिले म्हणजे जुन्या न्हावकीच्या ऱ्हासाचाही निराळा अर्थ लागतो. पात्याच्या वस्तऱ्याने न्हावी बुडविला, असे सामान्यतः सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. अमेरिकेत जिलेट यांच्या कारखान्याने १९०३ साली अवघे ५१ वस्तरे आणि १६८ पाती विकली होती. पुढे पहिल्या महायुद्धात तेथील सैन्यासाठी सुमारे ३५ लाख वस्तरे पुरविले गेले. आपली दाढी आपण करण्याची सवय जगभर पसरण्यास लष्कराचा मोठा हातभार लागला. बेळगाव तर १९२२ पासून मराठा पलटणींच्या प्रशिक्षणाचे ठाणे. रोज सकाळी गुळगुळीत दाढी करण्याची शिस्त घेऊन गावी परतणारा शिपाई आमच्याकडे घरोघरी दिसे. तथापि यंत्राने गेले ते दाढीचे काम. अंगणात येणारा न्हावी गेला तो निराळ्या कारणांनी. रोख पैशाचा व्यवहार वाढला आणि खळ्यावरचे धान्य अपुरे पडू लागले. मुंबई राज्याने १९५३ च्या कायद्याने गावकीच्या उपयोगी सेवांची इनामे रद्द केली. बेळगाव तेव्हा त्याच राज्यात होते. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे गुन्हा ठरला. आणि शहराच्या रस्त्यावर 'केशकर्तनालय' अशी पाटी लागली.

ही पाटी म्हणजे केवळ संस्कृत नावाचा सोस नव्हे. अंगणात न्हावी उकिडवा बसे. दुकानात तो उभा राहिला. पूर्वी तो बोलावल्यावर येई; आता गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते, बाकावर आपली पाळी येईपर्यंत थांबते, भिंतीवरचा दरफलक वाचते. दरफलक ही वस्तू दिसण्यास क्षुल्लक; पण श्रमाचा भाव श्रम करणाराने ठरविला, ही गोष्ट बलुत्याच्या हजार वर्षांत घडली नव्हती. त्या बाकावर वकील, हमाल आणि विद्यार्थी शेजारी बसतात. खेड्यापाड्यांतून दलितांचे केस कापण्यास नकार दिल्याच्या तक्रारी अद्याप ऐकू येतात. म्हणून हे काम पुरे झाले असे म्हणवत नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे.

काही गेले नाही, असेही आम्ही म्हणणार नाही. एड्सविषयी जागृती झाल्यावर दर गिऱ्हाइकास नवे पाते आले, हे योग्यच झाले. त्याबरोबर दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर धार लावण्याची विद्या मागे पडली. वातानुकूलित दालनांनी लहान दुकानदारास भांडवलाची चिंता लावली. हात शिकण्यास वर्षे लागतात आणि मुलांना त्या वर्षांचे आकर्षण उरलेले नाही. आजोबांच्या सुरकुतलेल्या गालावरून इजा न करता वस्तरा फिरविणारा तो हात आम्हांस आजही आठवतो आणि त्याची उणीव भासते. पण त्या हाताच्या धन्यास आपल्या मुलाने तीच धोकटी उचलावी असे वाटत होते काय, हे आम्ही कधी विचारले नाही. हळहळ आमची होती. धोकटीचे ओझे त्याचे होते.

२०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद झाली आणि घरोघरी कात्र्या निघाल्या. आमच्या घरीही चिरंजीवांनी आमचे केस कापले. पुढे कित्येक दिवस आम्ही टोपी घालून वावरलो. ज्या कामास आम्ही हलके म्हणत आलो, ते आम्हांपैकी कोणासही येत नव्हते.

'बिनपाण्याने हजामत' हा वाक्प्रचार आम्ही आजही शिकवितो. भाषेतून शब्द काढून टाकणे हे शिक्षकाचे काम नव्हे. मात्र त्याच तासात १८९० सालची मुंबईतील सभाही सांगतो. पहिल्यांदा सांगितली तेव्हा तो मुलगा दहावीत गेला होता. त्याने हात वर करून विचारले, "सर, हे पुस्तकात का नाही?" आमच्यापाशी उत्तर नव्हते, पण त्या वेळी त्याची मान वर होती.